थुंकी निगेटिव्ह आली, पुढे काय? खान्देशातल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरविषयी दोन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री
आणि
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान वेळेवर होण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहितो आहे, कारण हा प्रश्न आपल्या दोन खात्यांच्या मधोमध पडून राहिला आहे. आमच्याकडे खोकला घेऊन येणारा माणूस पहिल्यांदा सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दारात येतो. आशाताई थुंकीची डबी देते, दवाखान्यातून एक्स-रेची चिठ्ठी मिळते, तालुक्याला नमुना तपासला जातो. टीबी निघाला तर त्याचे नाव टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत, म्हणजे निक्षय पोर्टलवर, चढते, गोळ्या फुकट मिळतात, पोषण आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात आणि गोळी चुकली तर कोणीतरी घरी विचारायला जाते. टीबी निघाला नाही, तर ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद हातात घेऊन तो परत गावी जातो. खोकला तसाच असतो, पण आता तो कोणत्याच रजिस्टरमध्ये नसतो.

मी क्षयरोग कार्यक्रमात यावल, चोपडा, रावेर या तालुक्यांत आणि काही काळ नंदुरबारच्या डोंगरी भागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. या कार्यक्रमाने आमच्या डोळ्यांदेखत हजारो माणसे उभी केली. म्हणूनच मला ठामपणे वाटते की खान्देशात फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर पकडायचा असेल तर वेगळे खाते काढायची गरज नाही. टीबीसाठी जे जाळे आपण विणले आहे त्यालाच एक धागा पुढे जोडावा लागेल.

आमच्या भागात खोकल्याला कारण कधी कमी पडत नाही. जिनिंगमध्ये काम करणारा म्हणतो कापसाची धूळ आहे. नंदुरबारला मिरचीच्या पथारींवर देठ खुडणाऱ्या बायांना खोकला कसला, हे कोणी विचारतसुद्धा नाही. भुसावळकडे वीज केंद्राची राख, सातपुड्यात चूल, आणि सगळीकडे विडी. म्हातारी माणसे आहिराणीत सांगतात, ‘खोकलाच शे, व्हई जाई बरा.’ कापसाच्या धुळीने फुफ्फुसाचा वेगळा आजार होतो, तो खरा आहे आणि त्याकडेही लक्ष हवे. पण अशी हाताशी असलेली कारणे माणसाला दोन-तीन महिने घरीच बसवून ठेवतात, आणि या कॅन्सरमध्ये दोन-तीन महिने फार असतात.

ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग आकडेवारीच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे 81 हजार नवे रुग्ण होते आणि त्याच वर्षी सुमारे 75 हजार माणसे त्याने दगावली. हे दोन आकडे इतके जवळ का आहेत, याचे उत्तर उपचारांत जितके आहे त्याहून जास्त निदानाच्या उशिरात आहे. आपल्या देशात बहुतेक रुग्ण तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात डॉक्टरांसमोर येतात. पहिल्या टप्प्यात गाठ शस्त्रक्रियेने काढता येते आणि माणूस बरा होऊ शकतो. चौथ्यात आयुष्य वाढवता येते, त्रास कमी करता येतो, पण बरे करणे बहुधा हातात राहत नाही.

उशीर नेमका कसा होतो ते मी पाहिलेल्या एका माणसावरून सांगतो. जिनिंगमध्ये हमाली करणारा, पन्नाशी उलटलेला, लहानपणापासून विडी ओढणारा. त्याच्या घरी भिंतीवरच्या खिळ्याला कापड दुकानाची पिशवी टांगलेली होती आणि तिच्यात सगळे एक्स-रे होते. मी ते तारखेप्रमाणे लावून एकेक करून खिडकीच्या उजेडात धरले. पहिल्या फिल्मवर उजव्या बाजूला वर रुपयाच्या नाण्याएवढी सावली. खासगी दवाखान्यात सांगितले होते, ‘डाग आहे, टीबीच असणार.’ थुंकी निगेटिव्ह होती, तरी टीबीचा कोर्स सुरू झाला. त्या गोळ्यांनी लघवी लाल होते, घरच्यांना वाटले औषध लागू पडले. दुसरी फिल्म तीन महिन्यांनंतरची, सावली लिंबाएवढी. त्यावर कोणी काही लिहिलेले नव्हते. तिसरी कोर्स संपल्यावरची, आणि तोवर त्याचा आवाज बसला होता. घरचे घशाला हळद-मीठ करत होते. आवाज बसला कारण गाठ आवाजाच्या नसेपर्यंत पोहोचली होती. सीटी स्कॅन झाला तेव्हा यकृतातही डाग होते.

इथे कोणा एका डॉक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या देशात टीबी एवढा आहे तिथे सावली दिसली की टीबी आधी आठवणार, आणि आठवलाच पाहिजे. चूक पहिल्या संशयात नाही. ज्या रुग्णात जंतू सापडलेच नाहीत, ज्याचे वजन गोळ्या घेऊनही घटते आहे, ज्याची सावली कमी होण्याऐवजी वाढते आहे, त्याला थांबवून पुन्हा बघण्याची सक्ती कुठेही नाही, हा दोष आहे. शिवाय टीबी आणि कॅन्सर एकाच छातीत असू शकतात, आणि जुना टीबी होऊन गेलेल्या माणसाला हा कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा टीबी सापडला म्हणजे दुसरे काही नाही असेही धरता येत नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी मागणी अशी आहे. चाळिशीपुढच्या ज्या माणसाच्या एक्स-रेवर सावली आहे आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या यंत्र-तपासण्यांमध्ये जंतू नाहीत, त्याची फाइल बंद होता कामा नये. त्याचे नाव तालुक्याच्या क्षयरोग पर्यवेक्षकाकडेच राहावे आणि दोन आठवड्यांच्या आत त्याचा सीटी स्कॅन वैद्यकीय महाविद्यालयात व्हावा. थुंकीत रक्त असेल तर सावली नसली तरी व्हावा, कारण छोटी गाठ साध्या एक्स-रेमध्ये हृदयाच्या किंवा बरगडीच्या आड लपते. जंतू न सापडता केवळ अंदाजाने टीबीचा कोर्स सुरू केलेला प्रत्येक रुग्ण, सरकारी असो की खासगी, दोन महिन्यांनी नवीन एक्स-रेसह पुन्हा तपासला जावा आणि सुधारणा नसेल तर पुढे पाठवला जावा. याला नवीन इमारत लागत नाही, आपल्या दोन खात्यांचा मिळून एक शासन निर्णय लागतो.

डिसेंबर 2024 मध्ये शंभर दिवसांची टीबी मोहीम सुरू झाली, तेव्हापासून हातात धरून नेता येतील अशी एक्स-रे यंत्रे गावापर्यंत येऊ लागली आहेत. विडी ओढणारे, साठीपुढचे, पूर्वी टीबी झालेले, अशांच्या छातीचे फोटो त्यात आवर्जून काढायचे असतात. म्हणजे ज्यांना फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका सर्वांत जास्त, तीच माणसे आपण आधीच यंत्रासमोर उभी करतो आहोत. मग त्या फोटोत टीबी नाही एवढेच पाहून पुढे जाणे परवडणारे नाही.

आता दुसरी बाजू, वैद्यकीय शिक्षण खात्याची. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावचे 2018 चे, नंदुरबारचे 2020 चे. पूर्वी खान्देशात एकच शासकीय महाविद्यालय होते, आज तीन आहेत. या तिन्ही ठिकाणी आठवड्यातला एक ठरलेला दिवस फुफ्फुसाच्या गाठींसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी दुर्बिणीची तपासणी व्हावी, सीटीवर बघून सुईने तुकडा काढता यावा, आणि छातीरोग, रेडिओलॉजी व पॅथॉलॉजीचे डॉक्टर एकत्र बसावेत. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो अशी भीती आमच्याकडे खोल रुजलेली आहे. आबांना सुई लावू देऊ नका, असे भाऊबंद सांगतात आणि माणूस जडीबुटीच्या मागे लागतो. ही समजूत खरी नाही हे पटवायला डॉक्टरांच्या दोन मिनिटांपेक्षा आहिराणी, भिली, पावरी बोलणारा एक समुपदेशक जास्त उपयोगी पडतो. टीबीकडे आणि एचआयव्हीकडे असे समुपदेशक आहेत, कॅन्सरकडेही हवेत.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका बाईची गोष्ट सांगायलाच हवी. विडीला तिने कधी हात लावला नव्हता. उभे आयुष्य चुलीपुढे गेले. तिला दम लागू लागला, फुफ्फुसात पाणी झाले म्हणून सांगितले, पाणी काढले आणि टीबीचे पाणी म्हणून गोळ्या दिल्या. पाणी पुन्हा भरले, पुन्हा काढले. पुढच्या खेपेला ते पाणी पेशींच्या तपासणीला गेले आणि त्यात कॅन्सर निघाला. मग मुंबईला जनुकीय तपासणी झाली, ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल सापडला आणि तिला रोज एक गोळी सुरू झाली. चार पावले चालून बसणारी ती बाई पुढे पुन्हा शेतावर जाऊ लागली. कॅन्सर गेला नव्हता, पण तिला मिळालेला काळ तिने घरच्यांत, हिंडत-फिरत काढला.

छातीतून काढलेले पाणी पेशींच्या तपासणीला पाठवणे हे महाग काम नाही. एक बाटली, एक चिठ्ठी आणि पाहणारा पॅथॉलॉजिस्ट. चाळिशीपुढच्या प्रत्येक रुग्णाचे असे पाणी पहिल्याच वेळी तपासले गेले पाहिजे, हा नियम उद्यासुद्धा लागू करता येईल.

ईजीएफआर आणि एएलके या जनुकांच्या तपासण्यांबद्दलही थोडे सविस्तर लिहितो, कारण त्या श्रीमंतांच्या तपासण्या आहेत असा समज आहे. भारतात फुफ्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात ईजीएफआर बदलाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळते, आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत, बायकांत तो अधिक दिसतो. अशा रुग्णाला जेफिटिनिबसारखी गोळी लागू पडते आणि तिच्या भारतीय बनावटीच्या स्वस्त आवृत्त्या बाजारात आहेत. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी 350 रुग्णांवर केलेला अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळीवर आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहत होता, गोळीसोबत किमो दिल्यावर तो 16 महिने राहिला. पण ही किमो दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून द्यावी लागते. अक्कलकुव्याच्या माणसाने दर तीन आठवड्यांनी परळ गाठायचे का? केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. राज्य मंत्रिमंडळानेही 2025 मध्येच कर्करोग उपचारांच्या त्रिस्तरीय व्यवस्थेचे धोरण मान्य केले. या दोन्हींत खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांचा क्रम कितवा आणि तारीख कोणती, हे आम्हाला जाहीरपणे कळावे.

आज मात्र वाट लांबच आहे. जळगावचा रुग्ण भुसावळहून रात्रीची गाडी धरतो, पहाटे दादरला उतरतो आणि जागा मिळाली तर गाडगे महाराज धर्मशाळेत, नाही तर टाटाच्या आसपास फुटपाथवर अंग टाकतो. काही जण अजिंठ्याच्या घाटाने छत्रपती संभाजीनगरच्या राज्य कर्करोग संस्थेत जातात, नंदुरबारचे सुरतेला जातात. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के. हे आमच्याकडे अनेकांना माहीतच नसते. निदानाचा कागद देतानाच त्या सवलतीचा फॉर्म भरून दिला तर कोणाचे काय बिघडेल?

पैशाचा प्रश्न उपचाराच्या आधीच सुरू होतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आम्हाला मोल आहे. 2012 साली ही योजना आधीच्या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. आता तिचे कवच 5 लाखांचे झाले आहे. पण योजनेची दारे उघडतात ती तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्यावर. तोवरचे सीटी, दुर्बीण, तुकडा, पेट स्कॅन, जनुकीय तपासणी आणि हेलपाटे यांचा खर्च माणूस खिशातून करतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या बाईच्या मुलाने बैलजोडी विकली ती उपचारांसाठी नव्हे, निदानासाठी. संशयित रुग्णाच्या तपासण्यांचे एक वेगळे पॅकेज योजनेत असावे, आणि तिन्ही महाविद्यालयांतून नमुने जनुकीय तपासणीसाठी सरकारी खर्चाने रवाना व्हावेत. रुग्णाने तुकड्याच्या नमुन्याच्या काचपट्ट्या खिशात घालून मुंबईला जाऊ नये.

सीटी स्कॅनने सरसकट तपासणी मोहीम काढा, अशी मागणी काही जण करतात. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, खूप सिगारेट ओढणाऱ्यांची दरवर्षी कमी मात्रेच्या सीटीने तपासणी केल्यावर फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले होते. तरी मी आज ती मागणी करत नाही. आमच्याकडे जुन्या टीबीचे व्रण इतक्या छात्यांत आहेत की शेकडो माणसे नसत्या संशयाने हेलपाटे घालत बसतील, आणि ज्याला आज रक्त पडते आहे त्याचा नंबर मागे जाईल. आधी लक्षणे असलेल्यांना वेळेत सीटी मिळू द्या.

प्रतिबंधाबद्दल थोडे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे निघाले, पण धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के. त्यामुळे आपली सगळी मोहीम गुटखा, मावा आणि तोंडाच्या कॅन्सरवर राहिली, जे योग्यच होते. तिशीपुढच्यांच्या सरकारी तपासणीतही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचाच कॅन्सर पाहतात. पण राज्याच्या सरासरीत मजुरांच्या नाक्यावरचा, जिनिंगच्या फाटकावरचा आणि पाड्यावरचा विडीचा धूर दिसत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचे ठरवले, तेव्हा मला फार वाईट वाटले. विडी कामगारांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. त्यांना दुसरे काम आणि पेन्शन देऊन तो सोडवावा, विडी स्वस्त ठेवून नव्हे. विडी ओढणाऱ्या प्रत्येक टीबी रुग्णाला गोळ्यांबरोबर विडी सोडायची मदत मिळाली पाहिजे. 1800-11-2356 हा टोल फ्री क्रमांक पाकिटावर छापलेला असतो, पण वाचता न येणाऱ्याला तो लावून देणारे माणूस लागते. आणि चुलीचे म्हणाल तर, उज्ज्वलाचे सिलिंडर घरात असूनही दुसऱ्यांदा भरायला पैसे नाहीत म्हणून कोपऱ्यात ठेवलेले मी पाड्यापाड्यावर पाहिले आहे.

खान्देशात हा कॅन्सर नेमका किती आहे, हे मी सांगू शकत नाही आणि आपले खातेही सांगू शकणार नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, बार्शी, उस्मानाबाद-बीड यांचे आकडे होते. आमच्या तीनपैकी एकाही जिल्ह्याचे नव्हते. बार्शीच्या ग्रामीण भागात 1987 पासून गावोगाव फिरून ही नोंद होते आहे. जे बार्शीला तेव्हा जमले ते धुळे-जळगावला आज का जमू नये? नोंद नाही म्हणून मागणी मांडता येत नाही, मागणी नाही म्हणून यंत्र मिळत नाही, आणि यंत्र नाही म्हणून निदान होत नाही.

शेवटचा मुद्दा अशा रुग्णांचा, ज्यांच्यासाठी उशीर होऊन गेला आहे. दम कोंडणे आणि हाडांत पसरलेल्या कॅन्सरचे दुखणे या दोन्हींवर मॉर्फिनच्या गोळीसारखे औषध नाही, आणि ती स्वस्त आहे. 2014 च्या कायदा दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणे सोपे केले, तरी आमच्याकडच्या किती सरकारी दवाखान्यांत ती मिळते याची एकदा चौकशी करावी. बॉस्टनमध्ये 2010 साली झालेल्या अभ्यासात चौथ्या टप्प्यातल्या रुग्णांना सुरुवातीपासून वेदनाशमन सेवा दिली, तर ते नुसते कमी त्रासात राहिले नाहीत, साधारण पावणेतीन महिने जास्त जगले. रात्रभर उशीला टेकून बसलेला, आडवे होता न येणारा माणूस ज्याने घरात पाहिला आहे, त्याला या औषधाची किंमत सांगावी लागत नाही. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक प्रशिक्षित डॉक्टर, एक परिचारिका आणि मॉर्फिनचा साठा, एवढे तरी यंदाच्या अंदाजपत्रकात बसावे.

महोदय, आपण दोघांनी मिळून जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा क्षयरोग अधिकारी आणि तिन्ही महाविद्यालयांचे अधिष्ठाता यांची एकत्र बैठक घ्यावी. बैठकीआधी त्यांच्याकडून एवढीच माहिती मागवावी : गेल्या वर्षभरात एक्स-रेवर सावली असूनही टीबी न सापडलेले रुग्ण किती, त्यांपैकी सीटी किती जणांचा झाला, आणि उरलेले आज कुठे आहेत. ही यादी काढायला माझ्यासारखे निवृत्त कर्मचारी विनामोबदला बसायला तयार आहेत. उत्तराची वाट पाहतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्षयरोग पर्यवेक्षक,
जळगाव जिल्हा